हिरवा ठिपका म्हणजे जंगल नव्हे

नकाशावर हिरवं दिसलं की लगेच जंगल म्हणू नकोस. मेरीलँड विद्यापीठाने 2013 मध्ये मांडलेला जगाच्या वृक्षाच्छादनाचा नकाशा लँडसॅट या उपग्रहांच्या चित्रांवरून केलाय. त्यातला एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, साधारण 30 मीटरचा, आणि 5 मीटरहून उंच वाढलेलं सगळं त्यात झाड. म्हणजे दोडामार्गची रबराची लागवड हिरवी आणि शेजारचं राखलेलं रानही हिरवंच. जुनं रबर तोडलं की नकाशात घट दिसते, पण ती जंगलतोड नव्हे.

चित्राची तारीख तर आधी बघ. मेळघाटातला साग एप्रिलमध्ये निष्पर्ण उभा असतो, वरून नुसता पाचोळा आणि माती. सुरुवातीला मी उन्हाळ्यातल्या एकाच चित्रावरून अख्खी टेकडी उजाड ठरवली होती. पावसाळ्यानंतर तिथं गेलो, तर सागाच्या रुंद पानांखाली ऊन पोचत नव्हतं. फार लागलं मनाला. आता दोन्ही हंगामांची चित्रं शेजारी मांडल्याशिवाय मी नकाशावर जंगलाची रेघ ओढत नाही.

भारतीय वन सर्वेक्षणाचे आकडे मेरीलँडच्या नकाशाशी थेट ताडू नकोस. त्यांची व्याख्या वेगळी आहे: किमान 1 हेक्टर जागा आणि 10 टक्के छत्र (झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेला भाग), मग ती आमराई का असेना. शंका आली तर त्या जागी जा, तिथल्या गुराख्याला विचार.