वाचकांचे प्रश्न : तुटलेले वाक्य आणि मागणीवरच्या कॅसेटी

प्रश्न : गणपतीसाठी घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वडिलांनी जपलेला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा ‘द वॉल’ हा दोन तबकड्यांचा अल्बम सापडला. लेबलावर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे नाव आहे. चौथी बाजू संपताना एक माणूस काहीतरी बोलू लागतो आणि वाक्य मध्येच तुटते. तबकडी सदोष आहे का? त्याच पेटीतल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर हाच अल्बम त्याहूनही पुष्कळ आधी संपतो, ते कसे?
– एक वाचक, मालगुंड

उत्तर : तबकडी निर्दोष आहे. चौथी बाजू संपली की पुन्हा पहिली बाजू लावा, आवाज थोडा वाढवा आणि सुरुवातीचे काही सेकंद कान देऊन ऐका. गिटारींचा दणका सुरू होण्याआधी एक मंद सूर ऐकू येतो. चौथ्या बाजूच्या शेवटी वाजणारा तोच हा सूर, आणि त्याच्यावर त्याच माणसाचे उरलेले शब्द आहेत. शेवट असा मुद्दाम सुरुवातीला सांधलेला आहे, त्यामुळे अल्बमच्या कथेत शेवटी पाडलेली भिंत पुन्हा उभी राहू लागते. तबकडी उलटण्यासाठी ज्याला तीनदा उठावे लागते, त्याने चौथ्यांदाही उठावे, अशीच ही रचना आहे.

हा अल्बम ३० नोव्हेंबर १९७९ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडा वगळता तो इएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या हार्वेस्ट या शिक्क्याखाली निघाला, आणि आपली ग्रामोफोन कंपनी ही इएमआयच्याच घराण्यातली. कोलकात्याजवळ डमडम येथे तिचा कारखाना होता. तेव्हा आपल्याकडची प्रत भारतीय छपाईची आहे. परदेशातले संग्राहक अशा प्रती शोधतात हे खरे, पण किंमत ठरते ती कव्हर आणि खाचांच्या अवस्थेवरून.

कॅसेटवरचा तोड मात्र ती भरून देणाऱ्या दुकानदाराचा आहे. अल्बम सुमारे ८१ मिनिटांचा आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर तो सुखाने मावतो, साठ मिनिटांच्या कॅसेटवर मात्र जवळजवळ संपूर्ण चौथी बाजू गळते. माझ्याकडेही अशीच एक कॅसेट होती. तीवर तिसऱ्या बाजूच्या शेवटच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’ या गाण्यातली डेव्हिड गिल्मरची गिटार शेवटाकडे येत असतानाच फीत संपून खटका पडे, आणि त्या गिटारीनंतर आणखी काही असू शकेल अशी शंकाही मला तीन वर्षे आली नाही. आजही तो शेवट मला मूळ शेवटापेक्षा बरा वाटतो, हे कबूल करतो.

प्रश्न : ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या कोकणात रेकॉर्डची दुकाने होती का? रॉक ऐकणाऱ्यांना ते संगीत कोठून मिळे?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : केवळ रेकॉर्डचे म्हणता येईल असे दुकान निदान माझ्या पाहण्यात नव्हते. जे होते ते रेडिओ दुरुस्तीचे दुकान. पुढच्या काचेच्या कपाटात भजने, नाट्यगीते आणि चित्रपटांच्या तबकड्या मांडलेल्या असत, आणि मागच्या बाजूला, सोल्डरिंगच्या धुरात, दोन कॅसेट डेक एकमेकांना जोडून ठेवलेले असत. गिऱ्हाइकाने वहीत गाण्यांची यादी लिहायची, कोरी कॅसेट आणि आगाऊ पैसे द्यायचे आणि आठवड्याने यायचे, असा रिवाज होता. कायद्याने हे बसत नव्हते, पण त्या काळी त्याची फिकीर ना दुकानदाराला होती ना आम्हाला.

मूळ तबकडी येई ती मुंबईहून. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये काचेच्या खोलीत उभे राहून रेकॉर्ड ऐकून मग विकत घेता येत असे (ते दुकान २०१६ साली बंद झाले), आणि तिथून घेतलेली एखादी एलपी चाकरमान्याच्या पिशवीतून, आंब्याच्या रिकाम्या खोक्यांच्या सोबतीने, मे महिन्यात एसटीने गावी पोहोचे. जहाजावर नोकरी करणारे आणि आखातातून सुटीवर येणारे लोक टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) आणि तयार कॅसेटी आणत. अशा एका प्रतीवरून दुकानदार जितक्या कॅसेटी उतरवून देई, तितकाच आमच्या गावातला त्या अल्बमचा खप.

आम्ही एसी/डीसी या रॉक वाद्यवृंदाचा ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम मागितला तेव्हा दुकानदाराने वहीतले नाव वाचून, कोणता सेट दुरुस्तीला आणला आहे, असे विचारले, कारण दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या रेडिओला त्याच्या धंद्यात एसी-डीसीच म्हणत. फेब्रुवारी १९८० मध्ये या वाद्यवृंदाचा गायक बॉन स्कॉट वारला, आणि नवा गायक ब्रायन जॉन्सन याला घेऊन त्यांनी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये हा अल्बम काढला. त्याचे पूर्ण काळे वेष्टन हे त्या दुखवट्याचे होते. आमच्या हाती वेष्टन आलेच नाही, बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी तेवढी आली. अल्बम सुमारे ४२ मिनिटांचा, म्हणजे साठच्या कॅसेटवर प्रत्येक बाजूला नऊ मिनिटे उरत. कॅसेट कोरी म्हणून आम्ही पैसे मोजले होते, पण दुकानदाराने जुनीच फीत वापरली होती, त्यामुळे घंटेच्या टोलांनी सुरू झालेली पहिली बाजू कोणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टकांनी संपे.

दर गाण्यांच्या संख्येवर असल्यामुळे लांब गाण्यांवर त्याचा राग होता. डायर स्ट्रेट्स या रॉक वाद्यवृंदाच्या १९८२ सालच्या ‘लव्ह ओव्हर गोल्ड’ या अल्बममध्ये गाणी अवघी पाच आहेत आणि त्यांतले ‘टेलिग्राफ रोड’ १४ मिनिटांहून लांब आहे. ते त्याने निम्म्यावर आवाज उतरवून संपवले, आणि विचारल्यावर, उरलेल्यात नुसतीच वाजंत्री आहे, असे उत्तर दिले. ‘पोलिस’ या रॉक त्रिकुटाचे अल्बम मात्र तो चटकन भरून देई. मार्च १९८० मध्ये त्यांनी मुंबईत कार्यक्रम केला होता, त्यामुळे त्यांना मागणी होती, आणि गाणीही आटोपशीर होती.

प्रश्न : जुन्या तबकड्यांवर पावसात बुरा चढतो. त्या धुवाव्यात का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : धुवाव्यात. बुरशी विनाइलवर जगत नाही, खाचांतल्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकटपणावर जगते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, गोलाकार पुसावे, लेबल भिजू देऊ नये, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून सावलीत उभे करून वाळवावे. उन्हात ठेवल्यास तबकडी वाकते. त्याच कारणाने, कपाटात बारीक दिवा लावून ठेवण्याची आपल्याकडची जुनी युक्ती कपड्यांपुरतीच ठेवावी. आतले कागदी पाकीट बुरसले असेल तर ते बदलावे, आणि तबकड्या एकावर एक न रचता उभ्या, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट चुकूनही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. कॅसेटीच्या फितीवर पांढरे डाग दिसत असतील तर ती चांगल्या डेकमध्ये घालू नका, नाहीतर तीच बुरशी डेकमधल्या फीत वाचणाऱ्या हेडवरून पुढच्या कॅसेटीला लागेल.