वाचकांचे प्रश्न : बॅरिस्टर, प्रधान आणि राजदूत

प्रश्न : आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या खुल्या वसाहतीविषयी वाचताना औंधचे अप्पासाहेब पंत बॅरिस्टर होते, संस्थानचे प्रधान होते आणि पुढे राजदूतही झाले, असे समजले. त्यांनी वकिली कोठे केली? परराष्ट्र सेवेची परीक्षा न देता ते राजदूत कसे झाले? माझी मुलगी सांगलीत कायद्याचे शिक्षण घेत आहे, म्हणून विचारतो.
– एक वाचक, विटा

उत्तर : अप्पासाहेबांचा (1912–1992) लौकिक कोर्टातल्या वकिलीचा नाही. ऑक्सफर्डचे शिक्षण आणि लंडनची बॅरिस्टरी पदरात घेऊन ते परतले, आणि त्या कायद्याच्या ज्ञानाचा खरा कस लागला तो वडिलांच्या, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या, जेमतेम 72 गावांच्या संस्थानात. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून भवानराव आपल्याला ठाऊक असतात. पण आपली सत्ता आपणच प्रजेच्या हाती सोपवणारा राजा ही त्यांची ओळख मला अधिक मोलाची वाटते. गांधीजींचा सल्ला, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा आग्रह आणि अप्पासाहेबांचे परिश्रम यांतून औंधची राज्यघटना सिद्ध झाली व जानेवारी 1939 मध्ये अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याचे मंडळ उभे राहायचे आणि तेथून प्रतिनिधी विधिमंडळात जायचे, अशी ही खालून वर चढणारी रचना होती.

स्वतंत्रपूर त्याच वर्षीचे. आटपाडीच्या कोरड्या माळावर कैद्यांना कोठडीऐवजी जमीन दिली गेली आणि बायकामुलांसह राहून ती कसण्याची मुभा मिळाली. ज्या काळात इतरत्र कैद्याच्या पायात बेडी असे, त्या काळात येथे त्याच्या हाती नांगर होता. पुढे 1942 च्या चळवळीत सातारच्या भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळत असे. (या भूमिगतांच्या प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडलसुद्धा औंधचेच, हे आज पुष्कळांच्या लक्षात नसते.) अप्पासाहेब 1944 पासून 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत औंधचे प्रधान होते.

आता परीक्षेविषयी. भारतीय परराष्ट्र सेवा 1946 मध्ये स्थापन झाली, तेव्हा वरच्या जागांसाठी अनुभवी माणसे हाताशी नव्हती. त्यामुळे प्रशासन, सैन्य, संस्थाने आणि स्वातंत्र्यलढा अशा निरनिराळ्या क्षेत्रांतून माणसे थेट घेतली गेली. नेहरूंनी 1948 मध्ये अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. तेथील भारतीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकी जनतेच्या बाजूने उभे राहावे, असे ते उघडपणे सांगत, आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून खटपट करीत. केनियातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. ज्याने आपल्या गावकऱ्यांना मत देताना पाहिले होते, त्याला मताचा हक्क नाकारलेल्या माणसांकडे नुसते पाहत बसवले नसावे, असा माझा तर्क आहे.

पुढे ते गंगटोकला राजकीय अधिकारी झाले. सिक्कीम, भूतान आणि तिबेट या तिन्हींशी असलेले भारताचे संबंध तेथून सांभाळले जात, आणि तिबेट पेटत असतानाची ती वर्षे होती. त्यानंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन आणि इटली अशा नेमणुका झाल्या. बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी ते लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते.

आपल्या मुलीपुढे मात्र ही वाट तशी उरलेली नाही. आज या सेवेत जायचे तर लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षाच द्यावी लागते. सरकार अधूनमधून सेवेबाहेरच्या व्यक्तीलाही राजदूत नेमते, पण त्या भरवशावर कोणी आयुष्याची आखणी करू नये. कायद्याची पदवी मात्र वाया जात नाही. मुख्य परीक्षेत कायदा हा वैकल्पिक विषय घेता येतो, आणि परराष्ट्र मंत्रालयात करार व आंतरराष्ट्रीय कायदा पाहणारा स्वतंत्र विभागही आहे. विट्याहून आटपाडी फार लांब नाही. सुट्टीत मुलीला स्वतंत्रपूरच्या बाजूला एकदा घेऊन जा, आणि जमल्यास औंधलाही.