फुप्फुसात पाणी झालंय म्हणतात, मग ते सुईनं काढत का नाहीत? आणि किती आहे ते कसं कळतं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना निपाणीहून बेळगावला आणलं, न्यूमोनिया वाढून एआरडीएस झाला (म्हणजे दोन्ही फुप्फुसं सुजून रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळेनासा झाला), व्हेंटिलेटरवर आहेत, आणि 'फुप्फुसात पाणी' म्हणूनही कुणी ते काढायचं नाव घेत नाही. मी बेळगावातच आयसीयूत स्टाफ नर्स आहे. चिकोडी, हुक्केरी, खानापूर, कुठूनही आलेले नातेवाईक दाराशी हेच विचारतात, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये.

सुईनं निघतं ते फुप्फुसाच्या बाहेरचं, म्हणजे फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधे साठलेलं पाणी. एआरडीएसमधलं पाणी बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरून हवेच्या पिशव्यांत आणि त्यांच्या भिंतींत मुरलेलं असतं. भिजलेल्या स्पंजात सुई खुपसून काय हाती लागणार? म्हणून ते मोजायचं ते काढण्यासाठी नव्हे. सलाईन किती द्यायचं, लघवी होण्याचं इंजेक्शन कधी द्यायचं, हे ठरवण्यासाठी.

झोपवून काढलेल्या एक्स-रेत पांढरं दिसतं, पण किती ते नीट कळत नाही. सोनोग्राफी बेडपाशीच होते. दोन बरगड्यांच्या मधे प्रोब ठेवला की ओल्या फुप्फुसात वरून खालपर्यंत उभ्या पांढऱ्या रेघा दिसतात. एका जागी तीन किंवा जास्त दिसल्या की डॉक्टर सावध होतात. मात्र न्यूमोनियातही त्या दिसतात, त्यामुळे नुसत्या रेघा मोजून भागत नाही.

आकड्यात मोजायचं तर थर्मोडायल्युशन. मानेजवळच्या मोठ्या शिरेतून थंड सलाईन जोरात सोडायचं आणि मांडीच्या धमनीतल्या नळीच्या टोकाला रक्त किती गार झालं, किती वेळ गार राहिलं, हे मशीन टिपतं. फुप्फुसात पाणी जास्त तेवढा तो गारवा तिथे जास्त मुरतो. सिरिंज बर्फातून काढली की मुठीत धरायची नाही, सलाईन कोमट होतं. एका दमात ढकलायचं, तीनदा करायचं आणि सरासरी घ्यायची. हे मशीन महागडं, सगळीकडे नसतं. नसलं म्हणून उपचार अडत नाहीत.

या पाण्याचा नॉर्मल आकडा किलोमागे ३ ते ७ मिलि. १०च्या वर गेला तर फुप्फुसात पाणी झालं असं धरतात. यातलं 'किलो' मात्र काट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढलेलं. ५ फूट ५ इंच पुरुषाचं ते सुमारे ६१ किलो येतं. समजा पाणी ६२० मिलि आहे. ६१नं भागलं तर १०च्या पुढे. तोच माणूस काट्यावर ८५ किलो भरत असेल आणि ८५नं भागलं, तर ७च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ठीक! म्हणून टेप लावून उंची मोजतात. व्हेंटिलेटरचा श्वासही याच वजनावर बसवतात. शिवाय पाणी हृदय कमी पडल्यामुळे साचलंय की वाहिन्या पाझरल्यामुळे, याचाही अंदाज हे मशीन देतं.

आपल्याकडे 'एक सलाईन लावा, ताकद येईल' हा हट्ट फार. इथे नेमकं तेच आवरावं लागतं. २००६मध्ये अमेरिकेत अशा १००० रुग्णांवरचा अभ्यास आला. हात आखडून पाणी दिलेल्या गटातले रुग्ण व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले. मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही.

राउंडच्या वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पाणी फुप्फुसात आहे की बाहेर, हृदयामुळे आहे की सुजेमुळे, आणि कालपासून शरीरात गेलेलं पाणी जास्त की बाहेर पडलेलं. बीपी पडलेलं असेल तर ते लघवीचं इंजेक्शन थांबवतील, त्याला हलगर्जी समजू नका.