‘डायरेक्ट’ थेट आहे, पण ते ‘थेट प्रक्षेपण’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: निंटेंडो या जपानी गेम कंपनीने अमेरिकेतील ई-थ्री प्रदर्शनात व्यासपीठावरून नवे गेम जाहीर करण्याची प्रथा सोडून त्यासाठी ‘निंटेंडो डायरेक्ट’ हा इंटरनेटवरील कार्यक्रम वापरला, त्याला मराठीत ‘थेट प्रक्षेपण’ म्हणावे का, आणि ‘प्रक्षेपण’ बरोबर की ‘प्रसारण’?

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. इंटरनेटवर ठरलेल्या वेळी काहीही दिसू लागले की त्याला सरसकट ‘थेट प्रक्षेपण’ म्हणण्याची सवय अलीकडे इतकी बोकाळली आहे की, महिनाभर आधी चित्रित करून, कापून, जोडून तयार ठेवलेला कार्यक्रमही बातम्यांत ‘थेट’ होतो. ‘डायरेक्ट’ हा नेमका असाच आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेला कार्यक्रम आहे. तो २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. एप्रिल २०१३ मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी, त्या वर्षीच्या ई-थ्रीमध्ये नेहमीची मोठी पत्रकार परिषद होणार नाही, वितरक आणि पाश्चात्त्य पत्रकार यांच्यासाठी छोट्या, वेगवेगळ्या बैठका होतील, असे जाहीर केले आणि ११ जून रोजी व्यासपीठाची जागा ‘डायरेक्ट’ने घेतली. लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनातील कंपनीचे दालन मात्र कायम होते. गेले ते फक्त व्यासपीठ.

या कार्यक्रमांत इवाता कॅमेऱ्यासमोर उभे राहून दोन्ही तळहात छातीपासून प्रेक्षकाकडे सरळ पुढे नेत आणि जपानीत ‘चोकुसेत्सु’ म्हणत. ‘चोकुसेत्सु’ म्हणजे सरळ, मध्ये कोणालाही न घेता. घडत असतानाच दिसणाऱ्या कार्यक्रमाला जपानीत अगदी निराळा शब्द आहे: ‘नामाहोसो’. त्यातील ‘नामा’ म्हणजे कच्चे, न शिजवलेले. जपानी माणूस या दोन गोष्टींची गल्लत करणे अवघड आहे. आपण करतो, कारण दोन्हींसाठी आपल्याकडे ‘थेट’ हा एकच शब्द राबतो. शेतमालाची थेट विक्री किंवा सरपंचाची थेट निवड यांत ‘थेट’ने मधला माणूस वगळला जातो, तर सामन्याच्या थेट प्रक्षेपणात मधला काळ वगळला जातो. ‘डायरेक्ट’ने पत्रकार आणि सभागृह यांना वगळले, काळाला नाही. म्हणून ‘निंटेंडो खेळाडूंशी थेट बोलू लागली’ हे वाक्य बिनचूक आहे आणि ‘निंटेंडोने थेट प्रक्षेपण केले’ हे चूक आहे.

आता ‘प्रक्षेपण’कडे वळतो, कारण खरी गोडी तिथे आहे. केंद्रीय मंत्रालयाच्या नावात ‘माहिती व प्रसारण’ आहे, म्हणून ‘प्रसारण’ हाच प्रमाण शब्द आणि ‘प्रक्षेपण’ उपग्रहासाठी राखून ठेवावा, असा आग्रह काही जाणकार धरतात. मला तो मुळीच मान्य नाही. सरकारी पाटीवरून शब्दाची योग्यता ठरवणे म्हणजे पिढ्यान् पिढ्या ‘सहक्षेपित’ हा सुंदर शब्द ऐकवणाऱ्या मराठी आकाशवाणीला विसरणे होय. ‘प्रसारण’ ‘सृ’ धातूपासून येते. त्यात पसरणे आहे, पण पसरवणाऱ्याचा हात दिसत नाही. ‘प्रक्षेपण’ ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे या धातूपासून येते आणि त्यात हात आहे. इंग्रजीतील ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्दही मुळात शेतातला आहे: रेडिओच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, तो हाताने विखरून पेरलेल्या बियाण्याविषयी वापरला जात असे. आपला शेतकरी यालाच बी फोकणे म्हणतो. पाभरीने पेरताना चाड्यावर मूठ धरावी लागते आणि दाणा नळीतून ठरलेल्या ओळीतच पडतो; फोकताना मात्र दाणा मुठीतून सुटून सगळ्या रानभर जातो. ई-थ्रीच्या सभागृहातील घोषणा पत्रकारांच्या नळ्यांतून वाचकापर्यंत जात होती, ‘डायरेक्ट’ने ती फोकली. विशेष म्हणजे जपानी ‘होसो’ची दोन चिन्हेही ‘सोडणे’ आणि ‘पाठवणे’ अशीच आहेत. इंग्रजी आणि जपानी या परस्परांपासून दूरच्या भाषांनी या कामासाठी हातातून सुटण्याचीच कल्पना निवडली असताना मराठीने फिक्या ‘प्रसारणा’साठी ती टाकून द्यावी, हे मला पटत नाही.

शिवाय ‘क्षिप्’चे गोत्र मोठे आहे. आक्षेप, संक्षेप आणि पटाक्षेप ही सगळी त्याच धातूची लेकरे आहेत. ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेल्या श्लोकाला आपण ‘प्रक्षिप्त’ म्हणतो, त्यातही बाहेरून टाकल्याचाच अर्थ आहे.

तेव्हा ‘डायरेक्ट’साठी ‘पूर्वमुद्रित प्रक्षेपण’ असे लिहावे, किंवा संदर्भ स्पष्ट असेल तर नुसते ‘प्रक्षेपण’ पुरे. २०१४ च्या ई-थ्रीमध्ये याच कंपनीने ‘ट्रीहाउस लाइव्ह’ या नावाने प्रदर्शनाच्या दालनातून गेम खेळून दाखवले, तेही ते खेळले जात असतानाच. त्याला मात्र ‘थेट प्रक्षेपण’ अवश्य म्हणावे.