पगारातून एचएसएत (अमेरिकेतल्या वैद्यकीय खर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) कापलेले पैसे टॅक्स रिटर्नमध्ये पुन्हा दाखवायचे का?

वजावट पुन्हा घ्यायची नाही. फॉर्म 8889 (एचएसएचा हिशेब देणारा फॉर्म) मात्र भरावाच लागतो.

तुमचे आकडे असे: 2025 मध्ये पगारातून 3,600 डॉलर कापले गेले, कंपनीने 1,000 घातले आणि 2,000 तुम्ही स्वतः बँकेतून भरले. विमा नवरा-बायको दोघांचा, मुक्काम सनीव्हेल, कॅलिफोर्निया. डब्ल्यू-2 च्या (कंपनीकडून मिळणाऱ्या वर्षाच्या पगारपत्रकाच्या) बॉक्स 12 मध्ये ‘डब्ल्यू’ कोडपुढे 4,600 दिसत असतील. त्यात तुमचे 3,600 आहेतच. पगार आपला असला तरी आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) लेखी हे सगळे कंपनीनेच भरलेले पैसे, आणि बॉक्स 1 मधल्या पगारातून ते आधीच वगळलेले असतात.

म्हणून फॉर्म 8889 च्या ओळ 9 वर 4,600 आणि ओळ 2 वर फक्त 2,000. वजावट मिळते ती या 2,000 ची. ती शेड्यूल 1 च्या (मुख्य रिटर्नच्या पुरवणीच्या) ओळ 13 वर जाते. सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘याशिवाय स्वतः काही भरलंत का?’ हा प्रश्न नीट वाचा. तिथे पुष्कळ लोक पगारातली कपात परत टाकतात. मग एकूण 10,200 होतात, 2025 ची कुटुंबाची मर्यादा 8,550, आणि स्क्रीनवर 6 टक्के दंड झळकतो. माणूस घाबरून बँकेला फोन करतो. जास्तीचे पैसे मुळात भरलेलेच नसतात!

बँकेच्या 5498-एसए ची (खात्यात किती जमा झाले ते सांगणाऱ्या फॉर्मची) वाट पाहत बसू नका. तो बहुधा मे महिन्यात येतो आणि रिटर्नला जोडायचाही नसतो. खात्यातून पैसे काढले असतील तर 1099-एसए (काढलेल्या पैशांचा फॉर्म) हवा. ते औषधपाण्यावर खर्च झाले असतील तर कर नाही, पण पावत्या जपून ठेवा. बायकोच्या ऑफिसात साधं एफएसए (कंपनीमार्फतचं वैद्यकीय खर्चाचं खातं) असेल तर आधी ते तपासा. त्यातून तुमचाही खर्च भागू शकत असेल तर तेवढ्या महिन्यांपुरते तुम्ही एचएसएला पात्रच नव्हता, आणि वरचं सगळं गणित बदलतं.

आता कॅलिफोर्निया. हे राज्य (आणि न्यू जर्सी) एचएसएला मानतच नाही. राज्याच्या रिटर्नमध्ये 4,600 पगारात परत मिळवायचे, 2,000 ची वजावटही जाते आणि खात्यातल्या व्याजावर, लाभांशावर दरवर्षी कर. सॉफ्टवेअर पगाराचं बहुतेक बरोबर करतं, पण व्याजाचा आकडा त्याला आपणच द्यावा लागतो, कारण बँक त्याचा 1099 (उत्पन्न कळवणारा फॉर्म) सहसा पाठवत नाही. वर्षाच्या स्टेटमेंटमधून तो शोधून काढा.

तुम्हाला अजून 1,950 भरायला जागा आहे. 15 एप्रिल 2026 पर्यंत भरता येतील, फक्त भरताना बँकेच्या साइटवर वर्ष 2025 निवडा, नाहीतर ते 2026 च्या खाती जमा होतील. पुढच्या वर्षी मात्र सगळे पगारातूनच कापून घ्या. त्यात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचाही कर वाचतो, बँकेतून भरल्यावर तो वाचत नाही.