मुलांवर लैंगिक अत्याचार केलेला कुणी आपल्या आसपास राहतो का, ते कुठे बघायचं?

हा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. विक्रोळीहून आलेल्या एका आईने तर आल्या आल्या मोबाइलच समोर धरला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोसायटीच्या ग्रुपवर नव्या वॉचमनचा फोटो फिरत होता, खाली लिहिलेलं, ‘याच्यापासून मुलींना सांभाळा.’ तिची मुलगी आठ वर्षांची. “मॅडम, अमेरिकेत म्हणे अशा गुन्हेगारांची यादी घरबसल्या बघता येते. आपल्याकडे का नाही?”

यादी आपल्याकडेही आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते. अमेरिकेत १९९६ च्या केंद्रीय कायद्यापासून अशी माहिती लोकांसाठी खुली झाली. इंग्लंडमध्ये पालक एखाद्या ठरावीक माणसाबद्दल पोलिसांकडे विचारणा करू शकतात.

ती म्हणाली, “मग आपलीही उघडी करा ना!” तिची भीती मला कळत होती. पण मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, कधी घरातलाच. त्याचं नाव चारचौघांत लागलं, की मूल कोणतं हे अख्ख्या चाळीला कळतं. मग घरचेच तक्रार दाबतात. हे मी पाहिलंय.

मी विचारलं, “ताई, हल्ली तुमची मुलगी कशाला नाही म्हणते का?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “वरच्या मजल्यावर कॅरम खेळायला जायची. दोन महिने झाले, जातच नाही. मी रागावले तिला. काका एवढ्या प्रेमाने बोलावतात म्हणून.”

त्या रात्री तिने मुलीला जवळ घेऊन एवढंच विचारलं, “तुला तिथे का जायचं नाही?” मुलीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई रडत आली. पोलीस नकोत, बदनामी होईल, आम्ही खोली बदलतो, असं म्हणू लागली. मी तिला स्पष्ट सांगितलं, की मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हे कळवणं मला बंधनकारक आहे, आणि तिलाही. मुलीचं नाव कुठेही छापता येत नाही. जबाब घरी घेता येतो आणि पोलीस गणवेशात येत नाहीत. मी मुलीला खोदून काही विचारलं नाही, कारण तेच तेच पुन्हा सांगायला लावणं हाही छळच. आम्ही दोघी मिळून पोलीस ठाण्यात गेलो. जाता येत नसेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

जबाब घ्यायला साडीतल्या महिला उपनिरीक्षक घरी आल्या. मुलगी आईच्या मांडीवर बसून बोलली.

वॉचमनवर काहीच नव्हतं, सोसायटीने त्याची पोलीस पडताळणी आधीच केली होती. त्याचा फोटो ग्रुपवरून या आईनेच काढायला लावला.