उपासाला चहा चालतो

ताई,

मी मेलबर्नला पॉइंट कुक भागात राहते. दीड वर्षापूर्वी सासूबाई सांगलीहून कायमच्या आमच्याकडे आल्या. २०१७ मध्ये सासू-सासरे दोघांचा १४३ व्हिसासाठी, म्हणजे आईवडिलांना कायमचं आणायच्या व्हिसासाठी, अर्ज केला होता. व्हिसा हातात आला तेव्हा सासरे राहिले नव्हते. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. तिकडे भिशी, भजनी मंडळ, हळदीकुंकू, सगळ्यात पुढे असायच्या. इथे दिवसभर खिडकीशी बसून असतात.

मी प्रयत्न सोडलेले नाहीत. कौन्सिलच्या ज्येष्ठांच्या गटात नाव घातलं, एकदाच गेल्या. नेबरहूड हाउस या वस्तीतल्या केंद्रातल्या इंग्रजीच्या वर्गाला नाही म्हणाल्या. दिवाळीला मराठी नाटकाला नेलं, तर मध्यंतरातच "घरी चला". ट्रेनने सिटीत जाऊ म्हटलं की गुडघे पुढे करतात. बाहेर जायचं ठरलं की नेमका त्यांचा उपास असतो, पाणीसुद्धा घेत नाहीत, मग चक्कर येते आणि बेत रद्द. डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आहे. (मला सुट्टी मिळत नाही आणि यांना आईबरोबर आत जायला अवघडल्यासारखं होतं, म्हणून आमचा अकरा वर्षांचा मुलगा जातो. त्याचं मराठीही चांगलं आहे, त्यामुळे ती काळजी नाही. हल्ली तोही कुरकुरतो म्हणा.) हे म्हणतात, आईचा स्वभावच तसा झालाय.

बाहेरून आलेल्या लोकांसाठी इथे पुष्कळ संस्था आहेत असं ऐकते. सासूबाईंसाठी नेमका कुठला गट शोधू?

— थकलेली सून

*

थकलेल्या सूनबाई,

तुझ्या पत्रातला कंस मी तीनदा वाचला. अकरा वर्षांचा मुलगा आजीला घेऊन डॉक्टरांसमोर बसतो, "त्यामुळे ती काळजी नाही". अगं, सगळी काळजी तिथेच बसलीय.

जरा डोळ्यांसमोर आण. डॉक्टर विचारतात, काय होतंय? नातू विचारतो, आजी, काय होतंय? आणि अंगाचं दुखणं आयुष्यात कधी धड नवऱ्यालाही न सांगितलेली बाई त्या पोराच्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "गुडघे दुखतात म्हणावं." गुडघे चारचौघांत सांगता येतात. मग डॉक्टर गुडघ्यांची गोळी देतात, रक्त तपासतात, रक्तात काही सापडत नाही, आणि घरी निकाल लागतो: स्वभाव.

आता तो उपास. कुठला गं हा उपास, जो गटाच्या दिवशी येतो, नाटकाच्या दिवशी येतो, सिटीत जायचं म्हटलं की येतो? आपल्या बायकांच्या उपासाला चहा चालतो. चालतो काय, धावतो. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा लाडू आणि दर दोन तासांनी कप, याला आपण उपास म्हणतो. निर्जळी असते ती हरतालिका, वर्षातून एकदा. एरवी पाण्याचा थेंब न घेता घराबाहेर पडायचं व्रत मी बायकांना एकाच कारणासाठी करताना पाहिलंय. लघवी धरवत नाही आणि पुढचं बाथरूम कुठे असेल याचा भरवसा नाही. नाटकातून मध्यंतरात उठणं म्हणजे दुसरा अंक निभणार नाही, एवढंच. आणि मेलबर्नच्या मेट्रोच्या डब्यात बाथरूम नसतं, हे त्यांनी पहिल्याच फेरीत हेरलं असणार.

मी डॉक्टर नाही, माझा अंदाज चुकेलही. पण हा अंदाज काही जगावेगळा नाही. बाळंत झालेल्या दर तीन बायकांमागे एकीला लघवी गळण्याचा त्रास असतो, असं तुमच्याकडे या विषयावर काम करणारे लोक सांगतात. यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत, लागलीच तर शस्त्रक्रिया आहे. फक्त ते आधी कुणाच्या तरी कानावर जायला हवं, आणि ज्या कानावर जायचं तो कान सध्या अकरा वर्षांचा आहे.

बरं, धीर करून त्या बोलल्या असं धरू. सांगलीकडची ७१ वर्षांची बाई काय म्हणेल? "उन्हाळी लागलीय." म्हणजे लघवीला जळजळ होते. तुझ्या लेकाला उन्हाळा माहीत आहे, तो डॉक्टरांना ऋतू सांगेल. "अंगावरून जातं." काय जातं, कुणाच्या अंगावरून? "अंग बाहेर येतं." आता अंग म्हणजे शरीर हे त्याला तूच शिकवलंस. गर्भाशय खाली सरकणं याला आपल्या आज्या 'अंग' म्हणतात, हे तो कुठून शिकणार? त्याचं मराठी चांगलं आहे, मान्य. खेळायला जाऊ का, भाजीत मीठ कमी आहे, एवढ्याला पुरेल इतकं चांगलं.

हे मला ठाऊक आहे, कारण हे पोर मीच होते. आम्ही हुबळीला होतो, मी बारा वर्षांची. आजी साताऱ्याकडची, तिला कन्नडचा गंध नाही आणि मी शाळेत फडाफडा कन्नड बोलायचे. दवाखान्यात आजी मला म्हणाली, "डोकं दुखतं सांग." मी ऐटीत सांगितलं, तले नोवु. डोकेदुखीच्या गोळ्या मिळाल्या. पुढची कित्येक वर्षं दर वारीला तेच, आजीचं डोकं आणि माझी ऐट. शेवटी एका आजारपणात तिला न्हाऊ घालताना मोठ्या काकूला दिसलं की आजीचं अंग बाहेर आलंय आणि तिने कापडाची घडी बांधून ते आत रेटून ठेवलंय. किती वर्षं, ते तिने सांगितलं नाही. मला कुणीही बोललं नाही. तरी आजही कुणी मला "तुझं कन्नड काय छान" म्हटलं की मी विषय बदलते. तुझा मुलगा कुरकुरतोय ना, त्याला कामाचा कंटाळा आलाय असं समजू नकोस. आजी काहीतरी गिळतेय, हे मुलांना कळतं.

आता तुला एकच काम सांगते. संस्था शोधू नकोस, दुभाषी मिळव.

तुमच्या देशात १९७३ पासून फोनवर दुभाषी मिळतो. टी.आय.एस. नॅशनल म्हणतात त्याला, नंबर १३१ ४५०, दिवसाचे चोवीस तास. त्यांच्याकडे मराठी आहे. खासगी डॉक्टरांसाठी वेगळी लाइन आहे, १३०० १३१ ४५०. मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड असलेल्या पेशंटसाठी ती डॉक्टरला फुकट पडते आणि तुम्हालाही. १४३ वर आलेल्या सासूबाई मेडिकेअरमध्ये बसतात. (ज्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर आहेत त्यांनी हे गृहीत धरू नये, क्लिनिकला आधी विचारावं.) आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला दुभाषी म्हणून वापरू नये, असं व्हिक्टोरिया सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे तुझ्या लेकाला तिथे बसवणं तुझं चुकलं, तसं ते चालवून घेणाऱ्या डॉक्टरचंही चुकलं.

तू हे का केलं नाहीस, तेही मला कळतंय. आपली मंडळी ऑफिसात इंग्रजीतून मीटिंगा गाजवतात. दुभाषी म्हटला की तो निर्वासितांसाठी, बोटीतून आलेल्यांसाठी, आपल्यासारख्या स्किल्ड लोकांना कशाला, असं मनात असतं. तुला इंग्रजी येतं गं. पेशंट त्या आहेत. सासूबाईंना आणायला माणशी ४० हजारांहून जास्त डॉलर भरणारं घर फुकटच्या दुभाष्यापाशी का अडतं, याचं उत्तर पैशात नाही.

क्लिनिकला याच आठवड्यात फोन कर. बाई डॉक्टर माग. लाँग अपॉइंटमेंट माग, कारण दुभाषी मध्ये असला की प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं आणि नेहमीची वेळ नमस्कारातच संपते. दुभाषीही बाईच हवी म्हणून सांग. आणि 'मराठी' हा शब्द उच्चारून सांग, नाहीतर रिसेप्शनवरची मुलगी इंडियन बघून हिंदी टाकेल आणि तुझ्या सासूबाई हिंदीत "हाँ, हाँ, ठीक है" म्हणून परत येतील. क्लिनिक म्हणालं, आमच्याकडे ती सोय नाही, तर सांग की डॉक्टरांनी टी.आय.एस.कडे नाव नोंदवायचं असतं. तरीही नाही म्हणाले तर क्लिनिक बदल. पॉइंट कुकला क्लिनिकांचा तोटा नाही.

अजून एक गोष्ट आहे, आणि सासूबाई ती तोंडाने बोलणार नाहीत. मेलबर्नमधलं मराठी वर्तुळ केवढं? फोनवरची बाई मंडळातल्या कुणाची वहिनी निघाली तर? म्हणून दुसऱ्या राज्यातली दुभाषी माग, पर्थची, ब्रिस्बेनची, फोनला काय अंतर. पेशंटचं नाव तिच्यासमोर घेऊ नका, असं डॉक्टरांना आधी सांगून ठेव. दुभाष्यांना ऐकलेलं बाहेर न बोलण्याचं बंधन असतंच, पण बंधनापेक्षा आपल्या बायकांचा अंतरावर विश्वास जास्त. हे सगळं आदल्या रात्री सासूबाईंना सांग. स्वयंपाक करता करता, त्यांच्याकडे न बघता सांग.

आणि तूही आत जायचं नाहीस.

राग आला? येऊ दे. नातवासमोर त्यांना लाज वाटते आणि सुनेसमोर भीती. आज हिला कळलं की उद्या गादीवर रबराचं कापड येईल, पाहुण्यांत आपल्याला खुर्ची वेगळी मिळेल, असं काय काय त्यांच्या डोक्यात येत असेल. तू तशी नाहीस, पण त्यांनी सांगलीत तशा सुना पाहिल्या आहेत. तेव्हा तू बाहेर बस. आत काय झालं ते विचारू नकोस. डॉक्टरांनी कागद दिला तर तो त्यांच्या पर्समध्ये जाऊ दे, त्यांनी दाखवला तर वाच. "यांना" मात्र बाहेर गाडीत बसून राहू देऊ नकोस. रांगेत उभं राहून कार्ड दाखवणं, फॉर्म भरणं, पुढची तारीख घेणं, यात अवघडण्यासारखं काही नाही. तो मुलगा आहे त्यांचा. एकुलता एक असो की पाचांतला एक, आईला अकरा वर्षांच्या पोराच्या भरवशावर आत पाठवून बाहेर बसायची ही कुठली रीत?

माझा अंदाज खरा निघाला, तर १८०० ३३ ०० ६६ हा लघवीच्या तक्रारींसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे नर्स बोलतात. आधी १३१ ४५० लावून दुभाषीमार्फत तिथे जोडून घेता येतं, त्यामुळे पुढचे प्रश्न त्या घरातून, दार लावून, एकट्या विचारू शकतात. अंदाज खोटा निघाला, तर त्या आत दुसरंच काही बोलतील. दोघांचा अर्ज करून एकटीने विमानात बसलेली बाई आहे ती. गेल्या दीड वर्षात त्यांना मराठीतून, घरातलं नसलेलं कुणी, "तुम्हाला काय होतंय" असं विचारलंय का, एवढं आठवून बघ.

गटाचं म्हणशील, तर कौन्सिलचा तो गट ठीक आहे, बदलायची गरज नाही. दुसऱ्यांदा नेशील तेव्हा दाराजवळची खुर्ची धर. इंग्रजीचा वर्ग सध्या राहू दे. उरलेलं त्या दवाखान्यातून आल्यानंतर लिही, मग बघू.

अपॉइंटमेंटच्या दिवशी सकाळी त्यांना चहा दे, पूर्ण कप, आणि त्या नको म्हणाल्या तर दुसऱ्यांदा विचार. क्लिनिकमध्ये शिरल्या शिरल्या बाथरूमचं दार दाखव. मुलाला शाळेत पाठव, पूर्ण दिवस.